विश्लेषण : जुन्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन चालवायचे, तर ‘यजमान’ प्रणाली कोणती निवडावी?

सोलापूर : ‘विंडोज १०’ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’साठी टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या स्थितीतले अनेक संगणकही बदलावे लागतील, असे वाटू शकते. समजा, सोलापुरातील एखाद्या टॉवेल कारखान्याच्या कार्यालयात हिशेबाचे सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालते. किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आठ जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर सर्व्हरचा सराव करायचा आहे. दोघांपुढचा एक मार्ग म्हणजे व्हर्च्युअल मशीन.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय?

एका संगणकाच्या आत सॉफ्टवेअरच्या मदतीने उभा केलेला दुसरा संगणक म्हणजे व्हर्च्युअल मशीन. ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ मध्येच मोठ्या संगणकांसाठी ‘व्हीएम/३७०’ ही प्रणाली आणली होती. प्रत्यक्ष यंत्रावर बसवलेली प्रणाली म्हणजे यजमान, अर्थात होस्ट. तिच्या आत चालणारी प्रणाली म्हणजे पाहुणा, अर्थात गेस्ट.

यजमान हलका कशासाठी?

यजमानानेच निम्मे ताट वाढून घेतले, तर पाहुण्यांना काय उरणार? इथे ताट म्हणजे रॅम. ‘विंडोज ११’ची किमान गरजच चार जीबी आहे. आठ जीबीच्या संगणकावर ती यजमान असेल, तर पाहुण्यांसाठी जेमतेम चार जीबी उरतात. याउलट डेस्कटॉपशिवाय बसवलेल्या डेबियन लिनक्सला साधारण अर्धा जीबी पुरतो. यजमानाकडे दोन जीबी राखून ठेवले, तरी दोन-दोन जीबीची तीन मशीन चालवता येतात.

पर्याय कोणते?

डेबियन : ‘डेबियन १३’ ही आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली. त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घेता येतो. लिनक्सच्या गाभ्यात २००७ पासून ‘केव्हीएम’ ही सोय आहे. त्यामुळे मशीन चालवण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही.

लुबंटू, झुबंटू : उबंटूचीच ही हलकी रूपे. लिनक्स नवे असलेल्यांना सोपी. यावर व्हर्च्युअलबॉक्स बसवून खिडक्या-बटणांच्या साह्याने काम करता येते.

प्रॉक्समॉक्स : डेबियनवर आधारलेली, खास व्हर्च्युअल मशीनसाठीची प्रणाली. स्वतःसाठी किमान दोन जीबी रॅम मागते. तिचा कारभार दुसऱ्या संगणकावरील ब्राउझरमधून चालतो. म्हणूनच एकुलत्या एका लॅपटॉपसाठी ती गैरसोयीची. कोपऱ्यात कायम चालू राहणाऱ्या संगणकासाठी मात्र उत्तम.

अल्पाइन : अतिशय छोटी प्रणाली. पण बरेच काम कमांड लिहून करावे लागते. नवशिक्यांनी इथून सुरुवात करू नये.

हलकेपणा एवढाच निकष आहे का?

नाही. यजमानात कुणी घुसखोरी केली, तर आतली सगळी मशीन त्याच्या हाती जातात. म्हणून सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हे रॅमइतकेच महत्त्वाचे. डेबियनच्या आवृत्तीला दीर्घकालीन पाठिंबा धरून सुमारे पाच वर्षे अपडेट मिळतात. लुबंटू आणि झुबंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला तीन वर्षे, तर अल्पाइनच्या आवृत्तीला साधारण दोन वर्षे. कार्यालयात दर दोन-तीन वर्षांनी नवी आवृत्ती बसवणारा माणूस नसेल, तर थोडे मेगाबाइट वाचवण्यापेक्षा जास्त काळ टिकणारा यजमान परवडतो.

बसवण्याआधी काय तपासावे?

प्रोसेसरमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय हवी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात ‘सीपीयू’ निवडल्यास ती सुरू आहे की बंद, हे दिसते. बंद असल्यास बायोसमध्ये जाऊन सुरू करावी लागते. प्रोसेसर ६४ बिटचा आहे ना, हेही पाहावे. ३२ बिटच्या संगणकांसाठी ‘डेबियन १३’ने स्वतंत्र इन्स्टॉलर दिलेला नाही. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्यास फरक लगेच जाणवतो, कारण यजमान आणि पाहुणे एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहीत-वाचत असतात.

जुने विंडोज पाहुणे म्हणून ठेवताना...

यजमान नवा झाला, म्हणून आतले जुने विंडोज सुरक्षित होत नाही. ‘विंडोज ७’ला तर जानेवारी २०२० पासून नियमित सुरक्षा अपडेट नाहीत. अशा मशीनचे इंटरनेट बंद ठेवावे. ईमेल, बँकेची कामे यजमानावरच करावीत. जुन्या संगणकासोबत आलेला विंडोजचा परवाना व्हर्च्युअल मशीनला लागू होईलच असे नाही, तो तपासावा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागत असेल, तर तो पाहुण्या मशीनला जोडून पाहावा. प्रिंटरचीही चाचणी घ्यावी.

हे सगळे जमेपर्यंत मूळ डिस्क पुसू नये; शक्य असल्यास नवी प्रणाली वेगळ्या एसएसडीवर बसवावी. मशीनचा स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असेल, तर डिस्क बिघडल्यावर तोही जातो. व्हर्च्युअल मशीनची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवली, तर मात्र संगणक बंद पडला तरी तीच प्रत दुसऱ्या यंत्रावर पुन्हा सुरू करता येते.