समजून घ्या : गोडे पाणी वाढले की फ्लेमिंगो का उडतात?

केनियातील बोगोरिया सरोवराच्या काठी उकळत्या पाण्याचे झरे आहेत आणि पाण्यात फ्लेमिंगोंचे थवे. पाणी इतके क्षारयुक्त, की मासे टिकत नाहीत. मात्र निळे-हिरवे शेवाळ फोफावते. तेच छोट्या फ्लेमिंगोंचे अन्न. गोडे पाणी वाढले की क्षार पातळ होतात, शेवाळ घटते आणि थवे दुसरीकडे जातात.

असेच क्षारयुक्त सरोवर करमाडहून जालनामार्गे गाठता येते : उल्कापाताने तयार झालेले लोणार. येथे झरे गोड्या पाण्याचे आहेत. जून २०२०मध्ये क्षार वाढून सूक्ष्मजीव फोफावले, पाणी गुलाबी झाले. बोगोरिया २००१पासून, लोणार २०२०पासून ‘रामसर’ यादीत आहे. सरोवराचे वेगळेपण या क्षारांतच आहे. म्हणून काठावर साबण, निर्माल्य टाकू नका.