मुलांसोबत बनवा बिनसाखरेच्या कुकीज, पण त्या खरंच 'बिनसाखरेच्या' असतात का?

शाळेला सुट्टी लागली की दोन गोष्टी हमखास होतात. दर तासाला 'आई, भूक लागली' ऐकू येतं आणि बिस्किटांचा डबा दोन दिवसांत रिकामा होतो. अशा वेळी इन्स्टाग्रामवर एखादं रील समोर येतं: केळं, खजूर, ओट्स, बास! 'नो शुगर कुकीज' तयार.

रेसिपी सोपी आहे, मुलांना मजाही येते. पण साखर घातली नाही, म्हणजे कुकीत साखर नाही असं होतं का? गूळ किंवा मध घातला तर चालतं का? आणि मुलांनी अशा किती कुकीज खाव्यात? समजून घेऊया.

मुलांच्या साखरेची इतकी चर्चा का?

मे 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितलं. कोणत्या पदार्थात किती साखर असते, हे मुलांना रोज दिसावं हा त्यामागचा उद्देश. त्या पत्रकात म्हटलं होतं की, 4 ते 10 वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरीजपैकी 13 टक्के साखरेतून येतात. 11 ते 18 वयोगटात हे प्रमाण 15 टक्के आहे. शिफारस मात्र 5 टक्क्यांची आहे.

शाळेतला फलक ही एक बाजू झाली. कुकीत काय जातं हे मुलाने घरी स्वतःच्या हाताने मोजून पाहिलं, तर तेही त्याच्यासाठी शुगर बोर्डच आहे.

फळातली साखर वेगळी असते का?

जागतिक आरोग्य संघटना 'फ्री शुगर' म्हणजे मोकळी साखर मर्यादेत ठेवायला सांगते. रोजच्या ऊर्जेपैकी 10 टक्क्यांपेक्षा कमी आणि जमलं तर 5 टक्क्यांपेक्षाही कमी. या मोकळ्या साखरेत काय काय येतं?

- वरून घातलेली पांढरी साखर आणि गूळ
- मध आणि सगळ्या प्रकारची सिरप
- फळांचा रस, अगदी घरी काढलेलासुद्धा

म्हणजे साखरेऐवजी तेवढाच गूळ घातला, तर कुकीचा रंग आणि चव बदलते, साखरेचा हिशोब फारसा बदलत नाही.

अख्खं फळ मात्र या यादीत नाही. त्यातली साखर पेशींच्या आत, तंतूंसोबत असते. फळ चावून खाताना वेळ लागतो, पोट भरतं आणि साखर रक्तात हळूहळू उतरते.

खरी गोम पुढे आहे. फळ मिक्सरमधून काढलं की या पेशी फुटतात आणि साखर मोकळी होते. त्यामुळे ब्रिटनच्या नियमांनुसार फळांची प्युरी आणि पेस्ट यातली साखरही मोकळी साखर धरली जाते. सुक्या फळांचे तुकडे मात्र त्यात धरत नाहीत.

याचा स्वयंपाकघरातला अर्थ सोपा आहे: खजुराची पेस्ट करण्यापेक्षा त्याचे बारीक तुकडे घाला.

साखर काढली तर कुकी बिघडते का?

बिघडत नाही, पण बदलते. कुकीत साखर फक्त गोडव्यासाठी नसते. लोण्यासोबत फेटताना ती पिठात हवा धरते, ओव्हनमध्ये वितळून कुकी पसरवते, तिला सोनेरी रंग देते आणि गार झाल्यावर कुरकुरीतपणा आणते. बेकरीतल्या नानकटाईला पडणाऱ्या भेगांमागे तूप आणि साखरेचं गणित असतं.

फळ घातलं की साखरेसोबत पाणीही येतं. म्हणून या कुकीज मऊ, केकसारख्या होतात. 'कुरकुरीत का नाही?' असं मुलं विचारणारच. तेव्हा हे उत्तर तयार ठेवा.

आणखी एक गोष्ट म्हणजे, फळातलं फ्रुक्टोज लवकर करपतं. म्हणून ओव्हनचं तापमान थोडं कमी ठेवायचं.

साहित्य (साधारण 16 कुकीज)

- पूर्ण पिकलेली 2 केळी (सोलून अंदाजे 200 ग्रॅम)
- बिया काढलेला खजूर 60 ग्रॅम, बारीक चिरून
- ओट्स 90 ग्रॅम
- गव्हाचं पीठ 60 ग्रॅम
- साजूक तूप किंवा पीनट बटर 3 मोठे चमचे
- बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
- वेलची पूड, चिमूटभर मीठ

केळी निवडताना सालीवर काळे ठिपके पडलेलीच घ्या. केळं पिकतं तेव्हा त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते. म्हणजे घरात कुणी हात लावत नाही, शेवटी शिकरणात जातं, तेच केळं इथे सगळ्यात कामाचं.

कृती

केळी कुस्करा. त्यात तूप आणि खजूर मिसळा. मग कोरडं साहित्य घालून 10 मिनिटं झाकून ठेवा, म्हणजे ओट्स पाणी शोषतील. चमच्याने गोळे ठेवून हाताने चपटे करा. या कुकीज आपोआप पसरत नाहीत. 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं भाजा.

ओव्हन नाही? जाड कढईत मीठ पसरून त्यावर स्टँड ठेवा, झाकण लावून 10 मिनिटं तापवा. मग ताटली आत ठेवून मंद आचेवर 20 ते 25 मिनिटं भाजा.

कुकीज ओलसर असल्याने दमट हवेत लवकर खराब होतात. एका दिवसात संपणार नसतील तर फ्रिजमध्ये ठेवा.

कुणी काय करायचं?

- 3 ते 4 वर्षं: केळी कुस्करणं, वेलची पूड टाकणं
- 5 ते 7 वर्षं: वाटी-चमच्याने मोजणं, मिसळणं, गोळे चपटे करणं
- 8 वर्षांपुढे: वजनकाट्यावर मोजणं, मोठ्यांच्या नजरेखाली खजूर चिरणं

ओव्हन आणि गॅस मोठ्यांकडेच. कच्चं पीठ चाटू देऊ नका, कारण भाजण्याआधी पिठात जंतू असू शकतात. 5 वर्षांखालील मुलांसाठी अख्खे दाणे किंवा बदाम घालू नका, ते घशात अडकू शकतात. 1 वर्षाखालील बाळाला मध अजिबात नको.

मग एका कुकीत साखर किती?

मुलांसोबत हा हिशोब नक्की करा. 100 ग्रॅम केळ्यात साधारण 12 ग्रॅम साखर असते, म्हणजे 200 ग्रॅममध्ये 24. खजुरात 100 ग्रॅममागे साधारण 64 ग्रॅम, म्हणजे 60 ग्रॅममध्ये 38. एकूण 62 ग्रॅम, भागिले 16. एका कुकीत जवळपास 4 ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा.

हीच कुकी 150 ग्रॅम साखर घालून केली, तर प्रत्येकीत 9 ग्रॅमहून जास्त साखर आली असती. म्हणजे फायदा आहे. शिवाय ओट्स आणि खजुरातले तंतूही मिळतात. पण ही कुकी 'बिनसाखरेची' नाही, 'कमी साखरेची' आहे. मुलाला मधुमेह असेल, तर यातले कार्बोहायड्रेट्स मोजावेच लागतील.

तुलनेसाठी, ब्रिटनमध्ये 4 ते 6 वर्षांच्या मुलांसाठी मोकळ्या साखरेची रोजची मर्यादा 19 ग्रॅम आहे.

स्वतः केलं की मुलं जास्त खातात!

2014 मध्ये 'अपेटाइट' या नियतकालिकात स्वित्झर्लंडमधल्या 6 ते 10 वर्षांच्या 47 मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पालकांसोबत स्वयंपाक केलेल्या मुलांनी सॅलड जास्त खाल्लं. पण त्यांनी चिकनही जास्त खाल्लं आणि एकूण कॅलरीजही वाढल्या.

म्हणजे स्वतः केलेलं काहीही मुलं आवडीने खातात, कुकीसुद्धा. म्हणून डबा पुढ्यात ठेवण्याऐवजी दोन कुकीज ताटलीत काढून द्या. खजूर दातांना चिकटतो, त्यामुळे कुकीज येता-जाता खाण्यापेक्षा जेवणानंतर दिलेल्या बऱ्या.

आणि पुढच्या वेळी दुकानात 'नो अ‍ॅडेड शुगर' लिहिलेला पुडा दिसला, की तो मुलाच्या हातात द्या आणि मागची बाजू वाचायला सांगा. ज्याने एकदा भागिले 16 केलंय, त्याला पुढचं सांगावं लागणार नाही.