दोन्ही काटे एकदम का पडतात?

अम्मींना दवाखान्यात दाखवायला पिंगळीहून परभणीला निघालो आणि आमच्या जुन्या व्हॅनचे पेट्रोल व तापमानाचे दोन्ही काटे एकदम खाली पडले. खड्डा गेला की उठायचे, पुन्हा पडायचे. मे महिन्याचे ऊन. पेट्रोलचा काटा खोटा बोलला तर फार तर गाडी ढकलावी लागते. तापमानाचा बोलला तर हेड गॅस्केट जाते आणि महिन्याचा घरखर्च कोलमडतो. वाटेत दोनदा थांबलो.

कुणी म्हणाले टाकीतला फ्लोट बदला, कुणी म्हणाले अख्खे मीटरच बदला. पण एकच काटा पडला असता तर त्याचा सेन्सर किंवा वायर तपासायची. दोन्ही एकदम पडतात म्हणजे दोष त्यांच्या सामाईक वाटेवर: फ्यूज, चावीकडून येणारा करंट किंवा अर्थिंग. वेगाचा काटा चालू होता खरा, पण आमच्या गाडीत तो केबलवर फिरतो. त्याचा करंटशी संबंध नाही.

फ्यूज काढून त्याचे पाय पुसले. फरक शून्य. मग मीटरच्या अर्थिंगपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक सुटी वायर जोडली, गाडी हलवून पाहिली. काटे जागचे हलेनात! डॅशबोर्डमागे अर्थिंगचा स्क्रू गंजला होता. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, स्क्रू आवळला. खर्च पॉलिश पेपरचा.

तरीही लांब निघण्यापूर्वी कूलंट आम्ही डोळ्यांनी बघतोच, तेही इंजिन थंड असताना. गरम रेडिएटरच्या झाकणाला मुलांना हात लावू देत नाही.