बेगमी छोट्या स्वयंपाकघराची

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात भरून ठेवलेल्या धान्याला आपण मराठीत 'बेगमी' म्हणतो. शब्द फारसीतून आला आहे. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे चिंता. घरात दाणागोटा असला की जीव निर्धास्त राहतो, म्हणून तो साठा झाला बेगमी. पण एका खोलीच्या संसारात हा साठाच कधी कधी काळजीचं कारण होतो.

पूर्वी घरात कोठीची खोली असे, कणगी असे. उन्हाळ्यात वर्षाचं धान्य कडक उन्हात वाळवून भरलं जाई. आता ती खोली गेली, अंगण गेलं. पण भरून ठेवायची सवय राहिली. ओट्याखाली दोन फळ्या आणि वर एक माळा, एवढीच जागा. वाणी कोपऱ्यावर असेल तर महिन्याचं सामान पुष्कळ झालं. पावसाळ्यात रवा, मैदा, बेसन तर पंधरा दिवसांपुरतंच आणावं.

याला कारण आहे. कीड दर वेळी बाहेरूनच येते असं नाही. तांदूळ-गव्हातला सोंडेचा किडा दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालतो. अळी दाण्यातच वाढते आणि उबदार, दमट हवेत साधारण महिनाभरात नवा किडा बाहेर पडतो. मूग-चवळीवर पांढरे ठिपके चिकटलेले दिसले, तर ती भुंग्याची अंडी समजावीत. म्हणून अर्ध्या रिकाम्या डब्यात नवं सामान ओतू नये. जुनं आधी संपवावं, डबा धुऊन उन्हात खडखडीत वाळवावा, मगच नवं भरावं.

किडे मारायला जालीम गोळ्या मात्र घरात आणू नका. गोदामात वापरतात त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळीला ओल लागली की विषारी वायू सुटतो. ज्या खोलीत रांधतो तिथेच आपण झोपतो, हे विसरून चालणार नाही.

बुरशीलाही कमी लेखू नये. 1974 साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. हे विष भाजल्या-शिजवल्यानं पुरतं जात नाही. बुरसटलेले शेंगदाणे धुऊन-भाजून वापरण्याची काटकसर महागात पडते. ते सरळ फेकावेत.

आता मांडणी. जड डबे खाली, रोज लागणारे कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, हलकं आणि क्वचित लागणारं वर. घरात वयस्कर माणूस असेल तर त्याच्यावर स्टुलावर चढायची वेळ येऊ नये. मसाल्यांची फळी गॅसच्या वर नको. वाफेनं गाठी होतात, उष्णतेनं तिखटाचा रंग आणि वास उडतो. तीळ, शेंगदाणे, सुकं खोबरं गरम जागी लवकर खवट होतं. कांदे आणि बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, हवेशीर जागी असावेत. बटाट्याला अंधार हवा. उजेडात तो हिरवा पडतो आणि तो हिरवा भाग खाण्याजोगा नसतो.

शेवटची गोष्ट डब्यावरच्या चिठ्ठीची. आत काय आहे आणि कधी भरलं, एवढंच मोठ्या अक्षरात लिहावं. बऱ्याच घरांत कुठल्या डब्यात काय, हे एकाच बाईला ठाऊक असतं. ती तापानं अंथरुणाला खिळली की भरल्या घरात बाकीचे उपाशी बसतात, नाहीतर तिलाच हाका मारत राहतात. चिठ्ठी असली की मुलगाही खिचडी टाकू शकतो, नवराही वाण्याची यादी करू शकतो. घरातल्या त्या एका माणसालाही निर्धास्त झोप मिळायला हवी. नाहीतर त्या साठ्याला बेगमी कसं म्हणायचं?