लहान पिस्तूल म्हणजे सोपं पिस्तूल? अमेरिकेतल्या महिला पहिलं हत्यार कसं निवडतात

अमेरिकेत टेक्सास किंवा फ्लोरिडातल्या बंदुकांच्या दुकानात एखादी महिला पहिल्यांदाच शिरते आणि सोबत बाळगण्यासाठी पिस्तूल दाखवायला सांगते. अशा वेळी बरेचदा काउंटरवर एक ठरावीक वस्तू येते. आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, तळहातात मावणारं रिव्हॉल्व्हर. कधी त्याची मूठ गुलाबी किंवा जांभळीही असते. हलकं आहे, पर्समध्ये मावतं आणि चालवायला सोपं आहे, असं तिला सांगितलं जातं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टी खऱ्या आहेत. तिसरी मात्र खरी नाही. हा फरक समजला नाही तर काय होतं? पिस्तूल विकत घेतलं जातं, रेंजवर एकदा चालवलं जातं, हाताला जोराचा झटका बसतो आणि मग ते कपाटात किंवा पर्सच्या तळाशी पडून राहतं. सराव नसलेलं भरलेलं हत्यार घरात असणं, ही सगळ्यात वाईट अवस्था.

महिला बंदूक का घेत आहेत?

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ सालच्या पाहणीत अमेरिकेतल्या २५ टक्के महिलांनी स्वतःच्या मालकीची बंदूक असल्याचं सांगितलं. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४० टक्के होतं. जानेवारी २०१९ ते एप्रिल २०२१ या काळात तिथे सुमारे ७५ लाख लोकांनी आयुष्यातली पहिली बंदूक घेतली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यात जवळपास निम्म्या महिला होत्या. बहुतेक जण स्वसंरक्षण हेच मुख्य कारण सांगतात.

अंगावर कपड्यांआड, कोणाला दिसणार नाही अशा रीतीने पिस्तूल बाळगणं याला तिथे 'कन्सील्ड कॅरी' म्हणतात. निम्म्याहून अधिक राज्यांत यासाठी आता परवानाही लागत नाही. टेक्सासने परवान्याची अट सप्टेंबर २०२१ मध्ये काढली. पण परवाना लागत नाही म्हणजे शिकावं लागत नाही, असं नव्हे.

लहान पिस्तूल अवघड का?

याचं उत्तर शाळेतल्या विज्ञानात आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तितक्याच जोराने पिस्तूल मागे येतं. पिस्तूल जड असेल तर त्याचं वजनच हा धक्का बराचसा पचवतं. हलकं असेल तर तो थेट मनगटात जातो. गोळी तीच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर झटका कमी होत नाही, वाढतो.

दुसरा मुद्दा चापाचा. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या हलक्या, पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास असतं. त्याचा चाप ओढायला मात्र साडेचार ते साडेपाच किलो जोर लागतो. म्हणजे हत्याराच्या वजनाच्या दहापटीहून अधिक जोर एका बोटाने लावायचा आणि तरी नळी हलू द्यायची नाही. निष्णात नेमबाजालाही हे जड जातं. आजच्या मध्यम आकाराच्या पिस्तुलात चापाला साधारण अडीच किलो जोर पुरतो.

तिसरं कारण नळीच्या लांबीचं. नळीवर पुढे आणि मागे नेम धरण्याच्या खुणा असतात. त्यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी नेमातली बारीकशी चूक मोठी होत जाते. शिवाय मूठ आखूड असेल तर करंगळीला धरायला जागाच उरत नाही.

लहान पिस्तुलाचा खरा फायदा एकच. ते लपवायला सोपं असतं. म्हणूनच बरेच प्रशिक्षक त्याला शिकाऊ माणसाचं नव्हे, तर सरावलेल्या हाताचं हत्यार मानतात.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या चक्रात असतात. ते समजायला सोपं. स्लाइड मागे ओढावी लागत नाही आणि एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप ओढला की पुढची गोळी समोर येते. मर्यादा म्हणजे जड चाप, पाच-सहाच गोळ्या आणि पुन्हा भरायला लागणारा वेळ.

सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. पहिली गोळी नळीत आणण्यासाठी वरची स्लाइड मागे ओढून सोडावी लागते. 'बायकांना ती ओढता येत नाही' असं सर्रास सांगितलं जातं. बहुतेक वेळा अडचण ताकदीची नसून पद्धतीची असते. दोन बोटांच्या चिमटीत स्लाइड धरून ओढायला गेलं तर कोणालाही ती जड वाटेल. त्याऐवजी पिस्तूल छातीजवळ आणायचं, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची, स्लाइड वरून पूर्ण पंजाने घट्ट पकडायची आणि दुसऱ्या हाताने पिस्तूल पुढे ढकलायचं. हाताच्या नव्हे, खांद्याच्या जोराने काम होतं.

संधिवात किंवा मनगटाचं दुखणं असलेल्यांसाठी हलक्या स्प्रिंगची पिस्तुलंही निघाली आहेत. स्मिथ अँड वेसनचं 'शील्ड ईझी' २०१८ साली बाजारात आलं ते याच कारणासाठी. वॉल्थर कंपनीने २०२२ मध्ये 'पीडीपी एफ' ही मालिका आणली. त्यात रंग बदलण्याऐवजी मुठीचा घेर, चापापर्यंतचं अंतर आणि स्लाइड ओढायला लागणारा जोर हे महिलांच्या हातांनुसार बदलण्यात आलं. महिलांसाठी बनवलेलं आणि महिलांसाठी रंगवलेलं यातला फरक इथे दिसतो.

गोळी कोणती?

आज बाळगण्याच्या पिस्तुलांमध्ये ९ एमएम ही सर्वाधिक प्रचलित गोळी आहे. ती सहज मिळते, तुलनेने स्वस्त असते आणि झटका आवाक्यात राहतो. .३८० ही गोळी तिच्यापेक्षा सौम्य. पण ती ज्या अतिलहान पिस्तुलांत भरली जाते, त्यांतली काही, उदाहरणार्थ रुगरचं 'एलसीपी', पावणेतीनशे ग्रॅमच्या आतबाहेर असतात. त्यामुळे सौम्य गोळीसुद्धा हाताला बोचते. सरावासाठी .२२ उत्तम, कारण तिचा झटका नगण्य असतो. अनेक प्रशिक्षक सुरुवात तिच्यापासूनच करतात.

निवड कशी करतात?

दुकानात धरून पाहणं पुरेसं नसतं. अनेक शूटिंग रेंजवर वेगवेगळी पिस्तुलं भाड्याने मिळतात. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, कानांवर आवाजरोधक आणि डोळ्यांवर चश्मा लावून तीन-चार प्रकार चालवून पाहायचे. तेव्हा पुढील गोष्टी तपासल्या जातात:

- मनगट आणि नळी सरळ रेषेत ठेवून तर्जनीचं पहिलं पेर चापापर्यंत नीट पोहोचतं का? त्यासाठी मूठ वाकडी धरावी लागत असेल, तर ते पिस्तूल हाताच्या मानाने मोठं आहे.
- कोणाच्याही मदतीशिवाय स्लाइड मागे ओढून अडकवता येते का?
- मॅगझिन भरता येतं का? काढण्याचं बटण अंगठ्याला सापडतं का?
- पाच गोळ्या सलग झाडल्यावर त्या जवळजवळ पडतात का, की प्रत्येक झटक्यानंतर पकड नव्याने घ्यावी लागते?
- पन्नास गोळ्यांनंतरही पुन्हा सराव करावासा वाटतो का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्याची भीती वाटते किंवा जे हाताला दुखतं, त्याचा सराव होत नाही.

या कसोट्यांवर अनेकींची निवड पाचशे ते सातशे ग्रॅमच्या, ९ एमएम पिस्तुलावर येऊन थांबते. सिग साउअरचं 'पी३६५' आणि थोडं मोठं 'ग्लॉक १९' ही त्याची नेहमीची उदाहरणं. पण कोणत्याही एका मॉडेलचं नाव प्रत्येक हाताला लागू पडत नाही. म्हणूनच पतीने किंवा वडिलांनी परस्पर पसंत करून भेट दिलेलं पिस्तूल बरेचदा चुकीचं ठरतं. दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून पळण्यासारखंच ते.

पर्समध्ये की अंगावर?

पिस्तूल कोणतं, यापेक्षा ते कुठे राहणार हा प्रश्न मोठा आहे. पुरुषांच्या कपड्यांना जाड पट्टा आणि खोल खिसे असतात. महिलांच्या कपड्यांना बहुधा दोन्ही नसतं. त्यामुळे पर्स हा सोपा मार्ग वाटतो.

पण पर्स खुर्चीला लटकते, गाडीत राहते, ट्रॉलीत ठेवली जाते. चोर पहिल्यांदा तीच हिसकावतो. आणि घरातल्या लहान मुलांचे हात तिच्यात सतत जात असतात.

३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातल्या हेडन या गावी हेच घडलं. मोठ्या दुकानात खरेदी करत असलेल्या एका तरुण आईची पर्स ट्रॉलीत होती, शेजारी दोन वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने पर्सची चेन उघडून पिस्तूल काढलं. गोळी सुटली आणि आई जागीच गेली. तिच्याकडे बाळगण्याचा परवाना होता, आणि पर्सही पिस्तुलासाठी खास कप्पा असलेलीच होती.

म्हणून प्रशिक्षक अंगावरच्या होल्स्टरचा आग्रह धरतात. कमरेच्या आत बसणारा होल्स्टर किंवा पट्टा नसलेल्या कपड्यांखाली पोटाभोवती गुंडाळायचा रुंद पट्टा, असे पर्याय असतात. होल्स्टर कोणताही असो, चाप कडक आवरणाने पूर्ण झाकलेला हवा आणि पिस्तूल बसल्या-उठल्या सरकता कामा नये. पर्स वापरायचीच झाली, तर कुलूपबंद स्वतंत्र कप्पा हवा, त्यात किल्ल्या किंवा लिपस्टिक नको आणि पर्स अंगापासून दूर होता कामा नये. अंगावर नसलेलं पिस्तूल घरात पेटीत, कुलपातच हवं.

सरावाचे चार नियम तर पहिल्याच दिवशी पाठ करून घेतले जातात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजायची. जे नष्ट करायचं नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. नेम धरेपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. लक्ष्य कोणतं आणि त्याच्या मागे काय आहे, हे ओळखायचं.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांनी काय लक्षात घ्यावं?

परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेण्यासाठी वय किमान २१ असावं लागतं. फॉर्म ४४७३ भरावा लागतो आणि पार्श्वभूमी तपासली जाते. इथे एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एच-१बी, एच-४, एफ-१ असे तात्पुरते व्हिसा असलेल्यांना शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता बंदूक किंवा काडतूस बाळगताच येत नाही. हा केंद्रीय कायदा आहे. राज्याने परवान्याची अट काढली तरी तो बदलत नाही. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही मनाई लागू नाही. मात्र ज्याला मनाई आहे, त्याच्यासाठी दुसऱ्याने आपल्या नावावर बंदूक घेणं हाही गुन्हा आहे.

राज्यागणिक नियम वेगळे आहेत. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया इथे बाळगण्यासाठी परवाना लागतोच. एका राज्याचा परवाना दुसऱ्यात चालेलच असं नाही. टेक्सासमधून गाडीने निघालेली व्यक्ती न्यू जर्सीत पोहोचेपर्यंत गुन्हेगार ठरू शकते.

भारतातही हा विषय एकदा चर्चेत आला होता. दिल्लीतल्या 'निर्भया' प्रकरणानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२ चं रिव्हॉल्व्हर आणलं. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये. दागिन्यांच्या पेटीसारख्या डब्यात ते मिळत असे. पण १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय ते घेता येत नाही. त्यामुळे बहुतेक महिलांसाठी तो पर्याय कधी नव्हताच.

विकत घेण्याआधीचा प्रश्न

पिस्तूल कोणापासून वाचण्यासाठी हवं आहे? मनात चित्र असतं ते अंधारातल्या अनोळखी माणसाचं. प्रत्यक्षात महिलांच्या हत्यांमध्ये आरोपी बरेचदा जोडीदार किंवा पूर्वीचा जोडीदार असतो. अमेरिकेतल्या ११ शहरांतल्या प्रकरणांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. छळ करणाऱ्या जोडीदाराच्या हाती बंदूक लागण्याची सोय असेल, तर महिलेच्या हत्येचा धोका सुमारे पाचपट होतो, असं त्यात आढळलं. म्हणजे मारहाण होत असलेल्या घरात आणलेलं पिस्तूल उलटू शकतं.

दुसरा धोका त्याहून कमी बोलला जातो. कॅलिफोर्नियातल्या सुमारे २ कोटी ६० लाख प्रौढांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास २०२० साली आला. पिस्तूल नसलेल्या महिलांच्या तुलनेत पिस्तूल असलेल्या महिलांमध्ये बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण सुमारे ३५ पट होतं. घरात कोणी नैराश्यातून जात असेल, तर त्या काळात पिस्तूल न आणणं किंवा असलेलं घराबाहेर सुरक्षित ठेवणं हाच शहाणपणा मानला जातो.

हे सगळं तपासूनही ज्या महिला पिस्तूल घ्यायचं ठरवतात, त्यांना चांगले प्रशिक्षक खर्चाचा हिशेब वेगळा मांडून देतात. सगळे पैसे पिस्तुलावर घालवायचे नाहीत. प्रशिक्षण, गोळ्या, होल्स्टर आणि कुलपाची पेटी यांचे पैसे आधी बाजूला काढायचे. उरलेल्या रकमेत जे हाताला बसतं, तेच पहिलं पिस्तूल. रंग कोणताही असो.