साडेचारशे ग्रॅम

2050 साली भारतातली शहरं वर्षाला 43 कोटी 60 लाख टन कचरा करतील, असं के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली नियोजन आयोगाने नेमलेल्या कृती दलाने 2014 मध्ये लिहून ठेवलं. मला त्यातले 43 कोटी पटले. अडलो ते वरच्या 60 लाखांशी. एवढ्या लांबचं एवढं नेमकं दिसतं कसं? म्हणून जूनअखेरीस एका नगरपालिकेच्या डेपोवर, कचऱ्याचा नमुना घेणाऱ्यांबरोबर एक सकाळ काढली.

“सोपं असतं,” तिथला तरुण अभियंता म्हणाला. “माणशी रोज साडेचारशे ग्रॅम धरायचं, लोकसंख्येने गुणायचं.” अहवालाचाही पाया तोच निघतो: 2011 च्या जनगणनेतले शहरांतले 37 कोटी 70 लाख लोक आणि वर्षाला 6 कोटी 20 लाख टन. गुणाकार-भागाकार करा, साडेचारशे ग्रॅमच येतात. तिथून 2050 पर्यंत सातपट, म्हणजे दरसाल साधारण पाच टक्के. सावकाराचं चक्रवाढ व्याजच.

साडेचारशे ग्रॅम ठरतात मात्र ताडपत्रीवर. गाडी रिकामी करायची, ढीग कालवायचा, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. ढीग आवाक्यात आला की निवडायला बसायचं. बसल्या होत्या एक मावशी. रात्रभर पाऊस झाला होता. ढिगातून आंब्याच्या कोयींचा आंबूस-गोड वास येत होता. माझ्या रुमालाला तो दोन दिवस होता. मावशींनी एक उशी उचलून पिळली. तांब्याभर काळं पाणी पडलं.

“हे कुणाच्या घरचं धरायचं, साहेब?”

साहेब हसले. उशी तशी ओलीच काट्यावर चढली.

“महिन्याभराने या, कोय औषधाला मिळायची नाही,” मावशी मला म्हणाल्या. पुठ्ठा, बाटल्या फारशा दिसेनात, म्हणून विचारलं. “त्या गाडीपर्यंत कशाला येतील? पहाटे आमच्या पोरी फिरतात की.” म्हणजे काट्यावर येतो तो घरातून निघालेला कचरा नव्हेच, या पोरींच्या हातून सुटलेला. वर पावसाचं पाणी. मिळवणी आणि वजाबाकी एकमेकींना फेडून टाकत असतील, हे काही माझ्या मनाला पटेना.

नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने 2004-05 मध्ये 59 शहरांचा कचरा अभ्यासला. त्यात पुणेकर रोज 460 ग्रॅम टाकत होता आणि नाशिककर 190. नाशिककर खरंच इतका काटकसरी असेल तर मुलीला स्थळ तिकडचंच बघावं! पण दोन्हीकडे एकच गोष्ट तोलली गेली होती का, ही माझी शंका डेपोवर त्या उशीने पक्की केली. अभियंता बिचारा प्रामाणिक होता. ग्रॅमसुद्धा इकडचा तिकडे होऊ देत नव्हता.

निवडता निवडता मावशींचा हात एकदा सवयीने मागे गेला. गोडेतेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन त्यांच्या पिशवीत पडला. अभियंत्याने तो परत मागून घेतला, प्लास्टिकच्या बादलीत टाकला, वजन वहीत मांडलं.

साडेअकराला काम आटोपलं. ताडपत्री झटकण्याआधी मावशींनी बादलीतला कॅन काढला, टाचेखाली चेपला आणि पिशवीत भरला. वहीत तो होताच.