गहुंज्याची हार आणि झाकून ठेवलेले ताट



भातकापणीच्या दिवसांत आम्हा शेती खात्याच्या माणसांच्या पायांना विसावा नसतो. २७ ऑक्टोबर २०२४ च्या रविवारी सकाळी मी मावळातल्या एका वाडीवर गेलो होतो. दिवाळी तोंडावर आली होती. खाचरांतून इंद्रायणी भात पिवळे होऊन वाकले होते. ओळखीच्या घरी चहाला थांबलो, तर घर अगदी गप्प. घरची माउली म्हणाली,

"साहेब, काल रातीपासून पोरगं जेवलं नाही. ताट तसंच झाकून ठेवलंय. कुणाशी बोलतही नाही. तुम्हीच बघा जरा."

"आजारी आहे का?" मी विचारले.

"आजार कसला! भारत हरला म्हणं."

तुम्ही हसाल. मलाही क्षणभर हसू आले. पण तुमच्याही घरात असा एखादा असेलच. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात आज घरटी एक तरी मुलगा कारखान्यात जातो. कुणी मावळ-खेडचा, कुणी मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आलेला. पाळी सुटली की कुठल्यातरी मोकळ्या भूखंडावर टेनिसचा चेंडू घेऊन खेळायचे आणि सामना असला की आठ जणांनी एका मोबाईलवर माना वाकवायच्या, ही त्यांची करमणूक. थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत शिकलेला सांगवीचा ऋतुराज गायकवाड भारताकडून खेळतो, तेव्हा या पोरांना आपल्याच आळीतला मुलगा मैदानात उतरल्यासारखे वाटते. त्यात गहुंज्याचे मैदान हाकेच्या अंतरावर. एरवी दूरदेशी होणारी हार तिथे डोळ्यांसमोर होते.

काय झाले होते

हा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात कामाला. दोन मित्रांशी पाळ्या बदलून त्याने शनिवारची, म्हणजे २६ ऑक्टोबरची सुट्टी काढली आणि न्यूझीलंडविरुद्धच्या कसोटीचा तिसरा दिवस पाहायला गहुंज्याला गेला. बंगळूरची पहिली कसोटी आपण हरलो होतो. तिथे पहिल्या डावात अवघ्या ४६ धावा झाल्या होत्या. गहुंज्यात जिंकायला ३५९ धावा हव्या होत्या. जेवणाच्या सुट्टीपर्यंत १ बाद ८१ झाल्या, तेव्हा मैदान आनंदाने दणाणले होते. यशस्वी जयस्वाल ७७ धावा करून बाद झाला आणि मग एकामागून एक गडी बाद होत गेले. २४५ धावांत डाव आटोपला. ११३ धावांनी हार! मिचेल सँटनर या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने पहिल्या डावात ७ आणि दुसऱ्या डावात ६ असे १३ गडी बाद केले.

ही हार साधी नव्हती. २०१२ साली इंग्लंडकडून हरल्यानंतर भारताने मायदेशात ओळीने १८ कसोटी मालिका जिंकल्या होत्या. ती परंपरा गहुंज्याच्या मातीत तुटली. १९५५ पासून भारतात येणाऱ्या न्यूझीलंडने इथली पहिली मालिका जिंकली. पुढे मुंबईची कसोटीही आपण २५ धावांनी गमावली आणि मालिका ०-३ अशी गेली.

मुलाला बाहेर ओट्यावर बोलावले. बराच वेळ तो खाली बघत बसला. मग हळूच म्हणाला, "साहेब, घरच्या मैदानावर असं कसं हरतात?"

प्रश्न खरा होता. आणि त्याचे निम्मे उत्तर माझ्या खात्याचे होते.

माती काय सांगते

क्रिकेट हा खेळ मातीवर चालतो. खेळपट्टी म्हणजे ६६ फूट लांब, १० फूट रुंद असा जमिनीचा एक तुकडा. तुम्ही वाफा करता, तशीच तीही तयार करतात. माती भरतात, पाणी देतात, ओल बेताची असताना जड रोलर फिरवतात आणि वर गवत वाढवतात. ज्या हरळीपायी तुम्ही-आम्ही खुरपून खुरपून बेजार होतो, तीच तिथे मुद्दाम लावतात, कारण तिच्या मुळ्या मातीला धरून ठेवतात.

आता काळ्या मातीचा गुण तुम्हाला मी काय सांगावा? तिच्यात चिकणमाती जास्त. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला भेगा पडतात. खेळपट्टीचे पाणी लवकर तोडले आणि गवत खरवडून काढले, तर वरचा थर सुटू लागतो. त्या भुसभुशीत थरावर चेंडू पडला की कधी हातभर वळतो, कधी घसरत खाली राहतो. फिरकी गोलंदाजाला हे मोठे पर्वणीचे. म्हणून मायदेशी कोरडी खेळपट्टी करायची आणि पाहुण्यांना फिरकीत गुंतवायचे, हा आपला जुना बेत.

हा बेत गहुंज्यात याआधीही अंगाशी आला होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये इथे पहिली कसोटी झाली, ती ऑस्ट्रेलियाशी. खेळपट्टी पहिल्याच दिवसापासून वळू लागली. ३ बाद ९४ वरून आपला डाव १०५ वर संपला. सात गडी ११ धावांत गेले. दुसऱ्या डावात १०७. स्टीव्ह ओकीफ या गोलंदाजाने दोन्ही डावांत प्रत्येकी ३५ धावांत ६ गडी घेतले. तिसऱ्याच दिवशी ३३३ धावांनी हार झाली आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्या खेळपट्टीवर 'निकृष्ट' असा शेरा मारला.

मी मुलाला म्हटले, "बाबा, माती कुणाचे नाव विचारत नाही. बांधाला पाणी सोडले की ते तुझ्या खाचरात जाते, तसे शेजाऱ्याच्याही जाते. २०२४ मध्ये आपल्या वॉशिंग्टन सुंदरनेही पहिल्या डावात ७ गडी घेतलेच ना? खेळपट्टी दोघांना सारखी होती. पण सँटनर चेंडूचा वेग कमी-जास्त करत राहिला आणि आपले फलंदाज त्याला उमगून खेळू शकले नाहीत. ज्याने जास्त मेहनत केली त्याचे पीक आले. ते मोकळ्या मनाने मान्य करावे."

त्याने मान हलवली, पण चेहरा उजळला नाही. तेव्हा मला संशय आला.

दुसरे दुःख

"नुसत्या हरण्याचंच दुःख आहे का आणखी काही?"

मग ते बाहेर पडले. मोबाईलवर खेळाडूंचा संघ बनवून पैसे लावायचा खेळ असतो, त्यात पोराने दिवाळीच्या बोनसमधले सहा हजार घातले होते. सगळे भरवशाचे भारतीय गडी घेतले. सँटनरचे नाव त्याच्या मनातही आले नव्हते. वडिलांनी तेच पैसे भातकापणीच्या मजुरीसाठी धरले होते. मजूर उद्या येणार होते.

बंधू-भगिनींनो, ही गोष्ट मी मुद्दाम लिहितो आहे. त्या मुलाचे दुःख दोन प्रकारचे होते आणि ती दोन्ही त्याच्या मनात एकत्र कालवली गेली होती. एक दुःख निर्मळ. लहानपणापासून ज्या संघावर जीव लावला तो हरला, म्हणून घास उतरत नाही. याला मी वेडेपणा म्हणणार नाही. कणसात भरलेले पीक गारपिटीत आडवे झाल्यावर आपल्यालाही घास उतरत नाही. ज्यात जीव गुंतला, तिथेच तो दुखतो. दुसरे दुःख मात्र पैशाचे. पहिले दुःख पुढचा सामना आला की ओसरते. दुसरे घराला भोक पाडते आणि ते भोक बुजवायला माणूस पुन्हा पैसे लावतो.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चांगले झाले. पण कायदा झाला म्हणून सट्टा गावातून गेला असे समजू नका. घरातल्या तरुणाचा पगार झाल्यावर चार दिवसांत कुठे जातो, एवढे आई-बापांनी प्रेमाने विचारत जावे. ओरडू नये, ओरडले की पोरे लपवतात.

त्या दिवशी मी बापलेकांना समोरासमोर बसवले. मुलाने सगळे सांगितले. वडील बराच वेळ गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "मजूर नको. आपण घरचेच कापू. तू चार दिस पाळीवरून आलास की खाचरात ये." शिक्षा म्हणा, नाहीतर औषध म्हणा, त्याहून चांगले मला सुचले नसते.

रागाचे पीक

हार झाल्यावर राग कुणावर तरी काढायचा, ही खोड जुनीच. १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरी हरवले, तेव्हा देश नाचला. त्याची आठवण म्हणून इंदूरला मोठी सिमेंटची बॅट उभारली गेली. १९७४ साली लॉर्ड्सवर तोच वाडेकरांचा संघ ४२ धावांत बाद झाला आणि लोकांनी ती बॅट विद्रूप केली. त्या दौऱ्यानंतर वाडेकर पुन्हा कसोटी खेळले नाहीत. १९९६ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात कोलकात्याच्या प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, आगी लावल्या. सामना श्रीलंकेला बहाल झाला आणि विनोद कांबळी रडत मैदानाबाहेर आला. मार्च २००७ मध्ये विश्वचषकात संघ बांगलादेशाकडून हरला, तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चाललेल्या घरावर लोक चालून गेले. त्याच धोनीने त्याच वर्षी सप्टेंबरात वीस षटकांचा पहिला विश्वचषक जिंकून आणला.

आता सांगा, एक हंगाम बुडाला म्हणून कोणी नांगर जाळतो का? आपण बी तपासतो, पाणी तपासतो, कीड कोणती होती ते बघतो आणि पुढच्या मृगाला पुन्हा पेरतो. खेळाकडेही त्याच नजरेने बघावे. गहुंज्याच्याच मैदानावर २०१७ नंतर दोन वर्षांनी विराट कोहलीने नाबाद २५४ धावा केल्या आणि दक्षिण आफ्रिकेला आपण एक डाव १३७ धावांनी हरवले. ज्या न्यूझीलंडने २०२४ मध्ये आपल्याला घरात हरवले, त्यांनाच मार्च २०२५ मध्ये दुबईत हरवून भारताने चॅम्पियन्स करंडक जिंकला.

लेकींनी शिकवलेला धडा

हरल्यानंतर सावरायचे कसे, हे मात्र आपल्या लेकींनी फार छान दाखवले. २०२५ च्या महिला विश्वचषकात भारत ओळीने तीन सामने हरला: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड. इंग्लंडविरुद्ध तर सांगलीची स्मृती मानधना ८८ धावांवर बाद झाली आणि हातात आलेला सामना ४ धावांनी गेला. तेव्हा कितीतरी लोकांनी नावे ठेवली. पण त्या मुलींनी मान खाली घातली नाही. पुढे उपांत्य सामन्यात त्याच ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा पार केल्या आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईत त्याच दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक उचलला.

त्यानंतर दोन दिवसांनी मी पुन्हा त्या वाडीवर गेलो. पुन्हा भातकापणीच चालू होती. माउली म्हणाली, "परवा आम्ही सगळी मध्यरातीपर्यंत जागलो. पोरींचा खेळ बघत पोरगं ताट मांडीवर घेऊनच बसलं होतं. दोनदा भात वाढून घेतला." धाकटी मुलगी तर अंगणात बॅट घेऊनच उभी होती.

पंधरा दिवसांनी कोलकात्यात पुरुषांचा संघ दक्षिण आफ्रिकेशी खेळला. पुन्हा तशीच वळणारी खेळपट्टी. जिंकायला फक्त १२४ धावा हव्या होत्या. आपला डाव ९३ वर संपला. मला त्या मुलाची आठवण झाली आणि मी आपण होऊन फोन केला.

"हरलो, साहेब," तो म्हणाला. आवाजात वाईट वाटल्याचे कळत होते. "पण मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो, पाणी लवकर तोडलंय. माती सुटणार."

"जेवलास का?"

"जेवलो की. आता भात झोडायला चाललोय."

मंडळी, तुमच्या घरी असा कुणी न जेवता बसला, तर त्याला हसू नका. त्याच्या शेजारी बसा, दुःख कशाचे आहे ते नीट विचारा, आणि ताट झाकून ठेवू नका, गरम करून पुढ्यात द्या. सामने हरले जातील, जिंकले जातील. घरातल्या माणसाची भूक त्यावर ठरू नये.